सेल्बी कीपिंगचे न्हाणीघर

कोणाची पाळी चालू आहे हे मला ऑफिसात बसल्या बसल्या कळते. धुलाईच्या खोलीकडे ओल्या रुमालांची गाडी शिगोशीग भरून निघाली की समजावे, आज सेल्बी कीपिंग कामावर आहे. एका माणसाच्या आंघोळीला सेल्बी जेवढे रुमाल वापरतो तेवढ्यात दुसरा कोणी तिघांना उरकेल. आमच्या होमचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या या घराचे, हिशेब आणि खरेदी माझ्याकडे. म्हणून तो नवा असताना मी त्याला हटकलेच होते.

"सेल्बी, एका म्हाताऱ्याला एवढे रुमाल? अंगण पुसतोस की काय?"

"साहेब, तुम्ही ज्या रुमालानं पाय पुसता त्यानंच डोळे पुसता?"

"छे."

"मग झालं तर. स्किपरलोकांना तुमच्यापेक्षा कमी का द्यायचं?"

स्किपर म्हणजे होडीचा तांडेल; आमच्याकडे जुन्या कोळ्यांना मानाने तसेच म्हणतात. त्यानंतर मी रुमालांचा विषय काढला नाही. होम चालवणाऱ्या कंपनीला मात्र दरवर्षी जास्तीची मागणी कळवत आलो.

सेल्बी जन्माने कोळी. आमच्या गॅनेट आर्म गावात त्या काळी दुसरे काही असायची सोयच नव्हती. बाप कॉड पकडायचा, आजा कॉड पकडायचा, हा शाळा सोडून बापाच्या होडीत चढला. मग एके वर्षी सरकारने कॉडची मासेमारीच बंद केली. धक्क्यावर होड्या उपड्या पडल्या आणि ऐन उमेदीतले बाप्ये दिवसा स्वयंपाकघरात बसून चहा ढोसू लागले. काही पश्चिमेला तेलाच्या कामावर गेले. सरकारने नवे काम शिकायला पैसे देऊ केले तेव्हा कोणी वेल्डिंग घेतले, कोणी ट्रक. सेल्बीने रुग्णांची शुश्रूषा घेतली. वर्गात बाकी सगळ्या बायका.

धक्क्यावर काय हसू झाले ते विचारू नका.

"काय रे सेल्बी, कालपर्यंत मासे साफ करत होतास, आता ढुंगणं साफ करणार?"

"हो," सेल्बी म्हणाला, "आणि तुझं येईल तेव्हा गरम पाणी घेईन. माशाला थंडच लागायचं."

त्याला हे काम का घ्यावेसे वाटले ते त्याने मला एकदाच सांगितले. त्याची आई शेवटचे काही महिने शहरातल्या दवाखान्यात होती. तो भेटायला गेला तेव्हा तिच्या नखांत मळ होता आणि मानेच्या वळीत पावडरीचे गोळे झाले होते. "माझी आई," तो म्हणाला, "चर्चला जाताना हातमोजेसुद्धा इस्त्री करायची." एवढे बोलून तो उठून गेला.

त्याचे काम बघण्यासारखे असते. आधी दारावर टकटक. आत बहिरा असो की बेशुद्ध, टकटक करायचीच. मग नाव घेऊन, "मी सेल्बी, आंघोळीचं बघायला आलोय, चालेल ना?" पडदा ओढायचा. टॉवेल सुकवायच्या यंत्रातून काढलेले, कोमट. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर. तोंडाला साबण नाही. डोळा नाकाकडून कानाकडे पुसायचा, दुसऱ्या डोळ्याला रुमालाचे दुसरे टोक. ज्याचा हात चालतो त्याच्या हातात रुमाल द्यायचा आणि आपण खिडकीबाहेर बघत बंदरात कोणाची होडी आली ते सांगत राहायचे. एका वेळी एकच अवयव उघडा, बाकी अंग झाकलेले. खालचे अंग सगळ्यात शेवटी, नवे पाणी, नवे रुमाल, आणि हात लावायच्या आधी सांगून. मॅबेल त्याच्या पाळीतली दुसरी मदतनीस. बायकांच्या खोलीत तो आधी विचारतो, "मी चालेन, की मॅबेलला पाठवू?" बहुतेक म्हाताऱ्या म्हणतात, "तूच ये बाबा, मॅबेलचे हात गार असतात."

आणि पुसणे. तिथे त्याची कोणी घाई करू शकत नाही. घासायचे नाही, टिपायचे. छातीखालची वळी, मांडीचा सांधा, पायाच्या बोटांच्या बेचक्या. त्याच्या दोन्ही मनगटांवर पांढरे व्रण आहेत. आमच्याकडच्या सगळ्या जुन्या कोळ्यांना असतात. मेणकापडाच्या बाहीची ओली कड दिवसभर मनगटाला घासते, फोड येतात, फुटतात, त्यात मीठ जाते. म्हणून जुनी माणसे मनगटात पितळेची साखळी घालायची. "ओलं राहिलेलं कातडं काय करतं," तो नव्या मुलींना मनगट दाखवून सांगतो, "ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तुम्ही पुस्तकातून शिका, पण शिका."

इतक्या वर्षांत त्याच्या हाताखालचा माणूस अस्वच्छ राहिला असे कधी झाले नव्हते. झाले ते स्किपर ॲब्सलम स्ट्रिकलंड आले तेव्हा.

स्किपर ॲब म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे मोठे नाव. धुक्यात नुसत्या लाटेच्या आवाजावरून खडक ओळखायचे. त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे गेले. तोंडातून जे निघे ते अर्धे गुरगुरणे, अर्धी शिवी. त्यांची बायको ड्रुसिला, तिला सगळा गाव ड्रुसिला काकू म्हणतो, रोज दुपारी चढ चढून यायची. पिशवीत काहीतरी तळलेले असायचेच, बहुतेक वेळा टूटन, म्हणजे पावाच्या पिठाची तळलेली चकती, आणि वर ओतायला बाटलीत काकवी.

दवाखान्यातून येतानाच स्किपरना पाठीच्या खाली, माकडहाडावर पडून पडून बेडसोर झाला होता. मार्सेला सिस्टर आमच्या मुख्य नर्स. त्यांनी जखम बघितली आणि म्हणाल्या, "नुसतं पुसून भागणार नाही. टबात बसवायचं. आठवड्यातून दोनदा, कोमट पाण्यात."

पलंगावर स्किपर सेल्बीला काहीही करू द्यायचे. दाढी, दात, सगळे. पण न्हाणीघरात वेगळेच घडले. आमच्या टबाशेजारी एक खांब आहे, त्याला आडवा हात आणि हाताला खुर्ची. माणसाला खुर्चीत बसवायचे, पट्टा लावायचा, खुर्ची वर उचलायची आणि डावीकडे फिरवून टबावर आणून खाली सोडायची. स्किपर खुर्चीत नीट बसले. वर उचलले तेव्हाही ठीक. खुर्ची फिरू लागली मात्र, त्यांनी अशी आरोळी ठोकली की जेवणघरात कोणाच्या हातून कप पडला. चांगल्या हाताने त्यांनी भिंतीचा दांडा धरला तो सुटेना. मॅबेल सोडवायला गेली तर तिच्या ओठावर कोपर बसले.

दुसऱ्या वेळी सेल्बीने पाणी आणखी कोमट केले, दिवे मंद केले, मॅबेलला बाहेर ठेवले. तेच झाले. या वेळी कोपर सेल्बीच्या कानावर.

आमच्या मॅनेजर रोवेना गेंज. बाई वाईट नाहीत, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी सेल्बीला, मार्सेला सिस्टरना आणि ड्रुसिला काकूंना बोलावले. जास्तीची खुर्ची माझ्याच खोलीत असते म्हणून बैठक तिथेच झाली.

"दोनदा कर्मचाऱ्यांना मार बसलाय," रोवेनाबाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा झालं तर मला त्यांना शहरातल्या बंद वॉर्डात पाठवावं लागेल. तिथे अशा लोकांसाठी माणसं आहेत."

"अशा लोकांसाठी म्हणजे कशा?" ड्रुसिला काकूंनी विचारले.

"काकू, मारणाऱ्या."

"सगळा जन्म काढला मी त्याच्याबरोबर. त्यानं कुत्र्यालासुद्धा कधी मारलं नाही."

"ते आजारपण आहे, काकू. त्यांचा दोष नाही."

"शहर इथून किती लांब आहे ठाऊक आहे ना बाई तुला? आधी फेरीबोट, मग दिवसभर बस. मी या गुडघ्यांनी तुमचा चढ चढते तेच देवाची कृपा." काकूंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "तिथे गेला तर मी त्याला परत बघणार नाही. सरळ सांगा ना तसं."



"आंघोळच थांबवली तर?" सेल्बीने विचारले.

मार्सेला सिस्टरनी मान हलवली. "जखम वाढतेय, सेल्बी. वास यायला लागलाय. तुला माझ्याआधी आला असेल."

सेल्बीचा चेहरा असा झाला की मी हातातली पेन्सिल उगाच टोकायला घेतली. त्याच्या पाळीतल्या माणसाला वास येतो, असे आजवर त्याला कोणी म्हटले नव्हते.

बैठक उठली. काकू जेवणघरात जाऊन बसल्या. सेल्बीने त्यांच्यासाठी चहा आणला, डब्यातले दूध घातले आणि समोर बसला. मी पलीकडच्या टेबलावर होतो.

"पाणी गरम करता का?" काकूंनी विचारले.

"कोमट. त्यांना आवडतं तसं."

"कपडे कोण काढतं?"

"मीच. तिथवर काही नसतं हो काकू. खुर्चीत राजासारखे बसतात. पाण्यावर नेलं की बिनसतं."

"पाण्याला भिणारा नाही तो. पाण्यानं त्याला दोनदा गिळलं आणि दोनदा थुंकलं. नेता कसं? दाखव मला."

सेल्बीने बशी पुढे ओढली. "हा टब. हा कप म्हणजे खुर्ची." त्याने कप उचलला आणि हवेतून डावीकडे वळवत बशीवर आणला.

काकूंनी चटकन त्याच्या हातावर चापट मारली. चहा टेबलभर झाला.

"मेल्या! उलटा?"

"काय उलटा?"

"सूर्याविरुद्ध फिरवतोस त्याला? पाण्यावर? होडीत घालून?"

सेल्बी कपाकडे बघत राहिला. मग त्याने कप हळूच उजवीकडून, लांबच्या बाजूने फिरवला आणि बशीत ठेवला.

आमच्या किनाऱ्यावर हे लहान मूलही जाणते. बंदरातून निघताना होडीचे तोंड वळवायचे ते सूर्य चालतो त्या बाजूने. घड्याळाचे काटे फिरतात ना, तीच दिशा. जवळ पडते म्हणून कोणी उलटे वळवले तर जुना माणूस होडीतून उतरून चालू लागेल, त्या दिवशी समुद्रावर जायचा नाही. स्किपर ॲब तर असे की, एकदा नवख्या पोराने होडी उलटी वळवली तेव्हा त्यांनी पुन्हा धक्क्याला लावायला लावली आणि सगळे पहिल्यापासून केले. जमिनीवर चाकाची खुर्ची कशीही फिरवा, त्यांना त्याचे काही नव्हते. पण आसन वर उचलले, खाली पाणी दिसले, आणि तोंड सूर्याविरुद्ध वळू लागले. बोलता येत नाही, एकच हात चालतो. ते दांडा धरणार नाहीत तर काय करणार?

"आणि मी!" सेल्बीने कपाळावर हात मारला. "मी पण रोज पहाटे तसाच वळायचो, काकू. एकदाही चुकलो नाही. होडी विकली आणि ते सगळं होडीबरोबरच देऊन टाकलं बघा."

मार्सेला सिस्टर आवाज ऐकून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझा बाप ट्रॅक्टरसुद्धा उलटा वळवायचा नाही. आणि मी दोन्ही वेळा तिथे उभी होते!" त्या हसू लागल्या, मग डोळे पुसू लागल्या. गंमत म्हणजे त्या न्हाणीघरात आलेली सगळी माणसे याच किनाऱ्यावर वाढलेली, सगळ्यांचे बाप कोळी. पण होमच्या दारातून आत आलो की आम्ही सगळे दवाखान्याची माणसे होतो. समुद्र बाहेर बुटांबरोबर ठेवून येतो.

खांब दोन्ही बाजूंना फिरतो. डावीकडून जवळ पडते म्हणून सगळे डावीकडून फिरवतात. उजवीकडून न्यायचे तर जवळजवळ पूर्ण फेरा घ्यावा लागतो आणि वाटेत हात धुवायचे बेसिन येते. सेल्बीने दुसऱ्या दिवशी आधी स्वतः खुर्चीत बसून मॅबेलला फिरवायला लावले. गुडघे बेसिनला आपटले. मग गुडघे उचलून, खाली दुमडलेला टॉवेल धरून पुन्हा. तिसऱ्यांदा जमले. मॅबेल म्हणाली, "सेल्बी, तू बाळासारखा दिसतोयस." तो म्हणाला, "गप गं, मला सागरी हवा घेऊ दे."

आंघोळीच्या दिवशी रोवेनाबाई स्वतः आल्या. सेल्बीने त्यांना पडद्याच्या अलीकडे उभे केले. "आवाज ऐका. बघायचं काही नाही, ते उघडे आहेत." बाई तिथेच थांबल्या. मी टबाची नवी रबरी चटई घेऊन आलो होतो. ती द्यायचे निमित्त करून मीही थांबलो. ड्रुसिला काकू मार्सेला सिस्टरचा हात धरून बाकावर बसल्या होत्या.

पडद्यामागून सेल्बीचा आवाज आला. "स्किपर, पट्टा लावतोय. आता वर घेतो." यंत्र घरघरले. मग तो थांबला. "मागच्या दोन वेळा मी चुकलो, स्किपर. मला माफ करा. आता सूर्याबरोबर नेतो. लांब पडेल. चालेल?"

 काकूंनी डोळे मिटले.

खांब करकरला. खूप हळू. मॅबेलचा आवाज, "गुडघे माझ्याकडे." पुन्हा करकर. बेसिनवरून जाताना नळाचा थेंब पडल्याचेही कळले, एवढी शांतता होती. आणि मग स्किपरांचा आवाज आला. आरोळी नव्हती. घशातून एकेक करून निघणारे, ठाम असे काहीतरी.

"काय म्हणतायत?" रोवेनाबाईंनी कुजबुजून विचारले.

"हळू घे म्हणतोय," ड्रुसिला काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "सुकाणू दुसऱ्याच्या हातात असलं की असाच बोलतो."

"हळूच घेतोय, स्किपर," आतून सेल्बी. "तुम्ही सांगाल तसं. हां. आलो. आता खाली."

पाणी हलल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक लांबलचक सुस्कारा. तो स्किपरांचा होता, नक्की. पण मला वाटते पडद्याच्या अलीकडचेही दोनतीन त्यात मिसळले असावेत.

आंघोळ निवांत चालली. सेल्बीने त्यांच्या डाव्या हातात रुमाल दिला आणि त्यांनी छाती स्वतः धुतली. पाठ त्याने धुतली, जखम सिस्टरांनी सांगितली तशी. मग पुन्हा सूर्याबरोबर बाहेर, कोमट टॉवेल, आणि टिपणे. तिथे तर त्याने हवा तितका वेळ घेतला.

बाहेर आल्यावर रोवेनाबाई म्हणाल्या, "सेल्बी, नियमात जवळच्या बाजूनं फिरवा असं लिहिलंय. यात वेळ दुप्पट जातो."

"माझ्या चहाच्या सुट्टीतून कापा, बाई."

"चहा पी तू," बाई म्हणाल्या. "मी नियम बघते. आणि हे बाकीच्यांना दाखवून ठेव. तुझी सुट्टी असेल तेव्हा त्यांची आंघोळ चुकायला नको."

शहरात पाठवण्याचे कागद माझ्याकडे टाइप करायला आलेच नाहीत. ड्रुसिला काकू त्या दुपारी आत गेल्या, वाकून नवऱ्याच्या मानेचा वास घेतला आणि दाराकडे वळून ओरडल्या, "अगं बायांनो, माझ्या नवऱ्याच्या पलंगावर हा कोण देखणा माणूस आणून ठेवलाय? माझा म्हातारा कुठंय?" स्किपर अर्ध्या तोंडाने हसले. अर्धेच हसले, पण ते हसू खोलीभर झाले.

बेडसोर लवकर भरत नाही. थंडी सरली, बंदरातला बर्फ फुटला, तोवर सेल्बी आणि मार्सेला सिस्टर रोज त्या जखमेशी झुंजत होते. कूस बदलायची, कोरडे ठेवायचे, पुन्हा बदलायची. जखम आधी नाण्याएवढी झाली, मग मटाराएवढी. आणि एका सकाळी सिस्टर जवळजवळ धावतच माझ्या दारापुढून गेल्या. "भरली! पूर्ण भरली! नवं कातडं आलंय!"

होममध्ये बातमी लगेच पसरली. त्याच दिवशी शहरातून शिकाऊ नर्सांचा एक घोळका आपल्या शिक्षिकेबरोबर आला होता. रोवेनाबाईंना वाटले, दाखवावे. असा बेडसोर घरच्या घरी भरलेला कुठे बघायला मिळतो? सगळ्याजणी स्किपरांच्या खोलीबाहेर जमल्या. आत सेल्बी त्यांची दाढी करत होता.

"सेल्बी, दोन मिनिटं," बाई म्हणाल्या. "या मुलींना जरा बघू दे. तुझंच कौतुक आहे."

सेल्बीने वस्तरा बाजूला ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. कौतुक त्यालाही हवे होते, कोणाला नसते? तो स्किपरांच्या चांगल्या बाजूला गेला, वाकला, आणि आम्हालाही ऐकू येईल असे विचारले, "स्किपर, बाहेर काही मुली आहेत. तुमची भरलेली जखम बघायची म्हणतात. दाखवू का?"

स्किपरांनी दाराकडे बघितले. मग डाव्या हाताने चादर धरली आणि हनुवटीपर्यंत वर ओढून घेतली.

सेल्बी दारात आला.

"नको म्हणतायत."

"अरे, पण..." एक शिकाऊ मुलगी म्हणाली, "एवढं छान काम झालंय, मग कळणार कसं?"

"मी सांगतोय ना," सेल्बी म्हणाला. "एवढासा डागही नाही. अंग बाळासारखं आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा, नाहीतर जेवणघरात चहा आहे."

रोवेनाबाईंनी मुलींकडे वळून बघितले. "तो म्हणतोय तर तसंच आहे," त्या म्हणाल्या. "चला, चहा घेऊ. आणि मुलींनो, आज इथे जे शिकायचं होतं ते तुम्ही आत्ता शिकलात."

सेल्बीने दार लोटून घेतले. स्किपरांची अर्धी दाढी राहिली होती आणि गालावरचा फेस वाळायला लागला होता.